कणसांचे तोरण

गेल्या फाल्गुनात घरी पुतणीचा साखरपुडा ठरला. प्लास्टिकची फुले आणि थर्मोकोलच्या कमानी नकोत, असे तिने प्रथमच बजावले होते. शेतावरून मालदांडी ज्वारीची भरली कणसे आली, ती पांढऱ्या सुतात गुंफून आम्ही बैठकीच्या दारावर बांधली. खर्च म्हणाल तर सुताचा एक गुंडा. पाहुण्यांनी फार कौतुक केले, म्हणून ते तोरण तसेच राहू दिले.

आषाढात हवा दमट झाली आणि एके सकाळी उंबऱ्यावर पिठासारखी भुकटी दिसली. कणसांत टोके झाले होते. ज्या घराच्या दोन पिढ्या अडतीवर गेल्या, त्या घराला हे आधी सुचू नये! झटकावे तर जीव मरणार, ठेवावे तर वाढणार. अखेर सासूबाईंनी तोरण अलगद टोपलीत उतरवले आणि बांधावरच्या सावलीत नेऊन ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत, तेच मला अधिक लागले.

निसर्गातली वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. आता दाण्याची कणसे आम्ही ओसरीच्या वळचणीलाच टांगतो. उन्हाळ्यात चिमण्या ती टिपून रिकामी करतात. घरात येते ते दाणा नसलेलेच: कडब्याची ताटे, तुराट्या, कापूस वेचल्यावर उरलेली बोंडांची टरफले. शेतातून येताच कडक उन्हात चार दिवस वाळवली की पुरते. सारख्या लांबीच्या तुराट्या सुतळीने विणल्या, तर कोपऱ्यासाठी सुरेख पडदी होते. आपल्या भागात वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शेतात कडब्याची कोप उभारतात. ती एकदा निरखून पाहावी. खिळा नाही, रंग नाही, तरी किती नेटकी!

शंखशिंपले, रेशमी झालरी आणि मोरपिसे मात्र मी घेत नाही. मुनिराजांच्या हातातली पिंछी मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची असते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जेथे सल्लेखना घेतली, त्या कुंथलगिरीला आपण जातो, तेव्हा हे सहज आठवते. बाजारातले पीस गळलेले की उपटलेले, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. रेशमाऐवजी जाडेभरडे सुती कापड लावावे. त्यात कमीपणा नाही. आपल्या तेरचे, म्हणजे प्राचीन तगरचे, सुती कापड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदरात जात असे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे. व्यापारी घराला याहून शोभेचा पडदा कोणता?

पसरट भांड्यात पाणी भरून फुले तरंगवण्याची हौस हल्ली वाढली आहे. साचल्या पाण्यात आठवड्याच्या आत डासांच्या अळ्या होतात. आम्ही ते भांडे कोरडेच ठेवतो आणि त्यात नदीकाठचे काळे-पांढरे गोटे मांडतो.

चातुर्मास लागण्यापूर्वी घरातला कडबा उतरवून गोशाळेत देण्याचा नेम यंदापासून केला आहे. पुतणीने लग्नासाठी पुन्हा कणसांचेच तोरण मागितले आहे. लग्न वैशाखात आहे. ते ओसरीवर बांधायचे असे ठरले असून चिमण्यांनी मुहूर्तापर्यंत त्यात काही शिल्लक ठेवावे, एवढीच सासूबाईंना काळजी आहे.