मोठ्या मासळीचे लटके आमिष

हल्ली पंचगंगेच्या काठी व गावोगावच्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्या तरुणांच्या पेटीत गांडूळ व कणकेची गोळी यांच्या जागी मऊ प्लास्टिकचे बेडूक आणि मासोळ्या दिसू लागल्या आहेत. शाहूपुरीत बसून या छंदास नावे ठेवावी, असा आमचा हेतू नाही. सुरुंगाची दारू उडवून अगर विष कालवून पाणी निर्जीव करण्यापेक्षा गळाने एकेक मासा काढणे शतपट बरे; ती दोन्ही कृत्ये 1897 च्या मत्स्यविषयक कायद्यानेच गुन्हा ठरविली होती. तथापि दोन गोष्टी शेतकरी बंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट आमिषाच्या जिनसाची. मरळ हा शिकारी मासा असून तो हलत्या भक्ष्यावर झेपावतो. त्यास फसविते ती मुख्यतः आमिषाची चाल. फिनलंडातील लौरी रापाला या गरीब कोळ्याने 1936 साली बुचाचा मासा चाकूने कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चढविली, आणि जखमी मासोळी लटपटत पोहते तशी चाल त्यास दिली. त्यापूर्वी 1852 साली अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने चमच्याच्या घाटाच्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले होते. मऊ प्लास्टिकचे गांडूळ निक क्रीम याने त्याच देशात 1949 साली काढले. म्हणजे प्लास्टिकवाचून मोठा मासा लागत नाही, असे मुळीच नाही. उलट ही मऊ वस्तू माशाच्या दातांनी फाटते, तुकडे तळाशी राहतात व कुजत नाहीत. माशाने गिळले तर पोटात अडकतात. तळ्याचा गाळ आपण उन्हाळ्यात शेतात घालतो, हे ध्यानात ठेवावे. पांगाऱ्याचे हलके लाकूड व पितळी पत्र्याचा तुकडा एवढ्यावर घरचे आमिष उत्तम होते. वजनास शिसे न लावता लोखंडी नट लावावा, कारण शिसे विषारी आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पावसाळ्यात मरळीची पिल्ले घोळक्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी येतात, आणि आईबाप खाली राहून त्यांची राखण करितात. अशा घोळक्यावर लटका बेडूक टाकिला, तर मोठी मरळ भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी त्यावर तुटून पडते. यात गळकऱ्याचे कौशल्य ते काय? राखणदार गेला की इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी फोडून खाण्यासारखेच हे आहे.

यास एक अपवाद आम्ही मान्य करितो. ज्याने शेततळ्यात रोहू, कटला यांचे बीज सोडले असेल, त्याला मरळ शत्रूच होय. त्याने ती केव्हाही काढावी. परंतु नदी व गावतळे ही सर्वांची आहेत.

सबब आमची सूचना अशी की, ज्यांच्या ताब्यात तळी आहेत त्यांनी गळ टाकण्यास परवानगी देताना दोनच अटी घालाव्या: मऊ प्लास्टिक पाण्यात नको, आणि पिल्लांच्या घोळक्यावर गळ नको. यात कोणाचा छंद बुडत नाही व खर्चही पडत नाही. मात्र पुढील सालीही तळ्यात मोठी मरळ राहील.