गर्दीचें गाणें

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी दिवाणखान्यांत विसावली होती. आमचा तेरा वर्षांचा पुतण्या कोपऱ्यांत बसून मोबाइलवर कांहींतरी ऐकत होता आणि ऐकतां ऐकतां एक गाणें गुणगुणत होता. चाल मोठी ठसकेबाज होती. दुसऱ्या आवर्तनाला आमच्या मातुःश्रींचीं बोटें मांडीवर ठेका धरूं लागलीं, आणि तिसऱ्याला धाकट्या मुली टाळ्या पिटूं लागल्या. सर्वांस कौतुक वाटलें. इतक्यांत त्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्या बहिणीनें विचारलें, "तूं म्हणतोस त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ तुला ठाऊक आहे का रे?" त्याला तो ठाऊक नव्हता. तिनें तो सांगितला. ता. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं जर्मनींतील म्युनिक येथें विमान कोसळून २३ माणसें दगावलीं. त्यांत मँचेस्टर युनायटेड या संघाचे ८ खेळाडू होते. त्या मृतांची टवाळी करणारें तें गाणें होतें. मुलगा, जो लिव्हरपूल संघाचा मोठा अभिमानी, कानकोंडा झाला आणि हळूच आम्हांस म्हणाला, "पण काका, तिकडे हें सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणतात" या दोन शब्दांनीं आम्हांस विचारांत पाडलें. हे 'सगळे' म्हणजे कोण? त्यांच्या तोंडीं हें गाणें प्रथम कोणीं घातलें? आणि तें समुद्रापलीकडून आमच्या दिवाणखान्यापर्यंत आलें कसें? या महिन्यांत या सदरांत त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फुटबॉलच्या मैदानावर संघाचे पाठिराखे जें गातात तें बहुधा नवें गाणें नसतें. जुन्या चालीवर बसविलेले नवे शब्द असतात. मराठी वाचकांस ही रीत अपरिचित नाहीं. संगीत नाटकांचीं जुनीं पुस्तकें उघडावीं, तों पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून आधींच्या एखाद्या गाण्याचा उल्लेख छापलेला आढळतो. सन १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि पुढें कितीतरी नाटककारांनीं हीच वाट धरली. चाल कानांत आधींच मुरलेली असली म्हणजे नवे शब्द लवकर रुजतात. रंगभूमीवर ही सोय होती. मैदानावर ती गरज होते. कारण तेथें तालीम नाहीं, पेटी-तबला नाहीं, शिकविणारे बुवा नाहींत; आणि हजारों कंठांस एकाच क्षणीं एक सूर धरावयाचा असतो.

अशा गाण्याचा जन्म बहुधा मैदानाबाहेर होतो. सामन्यापूर्वीं एखाद्या मद्यगृहांत, किंवा परगांवीं जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत, पंचवीस-तीस पाठिराखे जमलेले असतात. एखाद्या खेळाडूचें नांव अमक्या चालीच्या मात्रांत चपखल बसतें हें त्यांतील कोणाच्या तरी ध्यानांत येतें. बाकीचे हंसतात, दोन शब्द बदलतात, चार वेळां म्हणून पाहतात. खरी परीक्षा मात्र मैदानावरच. शेजारच्या रांगेनें दुसऱ्या आवर्तनाला तें उचललें तर गाणें जगलें. नाहीं तर जागच्या जागीं विरलें. म्हणूनच जीं गाणीं टिकतात त्यांचे शब्द थोडे, सुरांचा आवाका लहान आणि पुनरुक्ति फार. कर्त्याचें नांव तर पाहतां पाहतां पुसलें जातें. जात्यावरची ओंवी पहिल्यानें कोणीं गाइली हें जसें कोणी सांगूं शकत नाहीं, तसेंच हें.

गाणें एका संघाकडून दुसऱ्याकडे जातें याचें साधें कारण असें कीं, प्रतिस्पर्धी तें समोर बसून ऐकत असतो. ऐकलेलें गाणें शब्द फिरवून परत करावें, शेरास सव्वाशेर व्हावें, ही तेथील रीत आहे. वेल्समधील जॉन ह्यूज यांनीं १९०७ च्या सुमारास प्रार्थनेसाठीं बांधलेली 'कूम रोंडा' ही चाल आज इंग्लंडांतील मैदानोमैदानीं ऐकूं येते. शब्द मात्र कधीं स्वसंघाच्या स्तुतीचे, तर कधीं प्रतिपक्षाच्या थट्टेचे. देवळांतील चाल आखाड्यांत उतरली, असेंच म्हणावयाचें.

लिव्हरपूलचेंच उदाहरण घ्या. तेथील अ‍ॅनफील्ड मैदानाच्या एका टोकास 'कॉप' नांवाचा प्रेक्षकांचा चढता भाग आहे. सन १९०० मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील ज्या टेकडीवर मोठी लढाई झाली तिचें हें नांव, १९०६ सालीं बांधलेल्या या चढणीस मिळालें. येथें हजारों लोक दाटीवाटीनें उभे राहून खेळ पाहत. सामन्यापूर्वीं ध्वनिक्षेपकावर त्या त्या आठवड्याच्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिका लावीत, आणि गर्दी त्यांच्याबरोबर गाऊं लागे. सन १९६३ मध्यें लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदानें 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हें गाणें नव्यानें गाइलें व तें इंग्लंडांत अग्रस्थानीं पोहोंचलें. पुढें ती लाट ओसरली, पण कॉपनें गाणें सोडलें नाहीं. आतां गंमत अशी कीं, हें गाणें मुळांत लिव्हरपूलचें नव्हे, आणि फुटबॉलचेंही नव्हे. अमेरिकेंतील रिचर्ड रॉजर्स व ऑस्कर हॅमरस्टाईन यांनीं १९४५ च्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकासाठीं तें रचलें. पतीच्या मृत्यूनें खचलेल्या एका स्त्रीस धीर देण्याकरितां तें तेथें येतें. शेजारच्या मँचेस्टर सिटीचे पाठिराखे जें 'ब्लू मून' गातात, त्याची १९३४ ची चालही याच रॉजर्सची. दोन हाडवैरी संघांच्या मुखीं एकाच संगीतकाराचे सूर, आणि त्याचा या खेळाशीं कांहीं एक संबंध नव्हता!

दुसरें उदाहरण याहून ताजें आहे. सन २००३ मध्यें 'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकन जोडीचें 'सेव्हन नेशन आर्मी' हें गाणें निघालें. त्याच्या आरंभींची सुरावट अवघ्या सात आघातांची आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बेल्जममधील क्लब ब्रुगेचे पाठिराखे सामन्यासाठीं मिलानला गेले असतां ही सुरावट त्यांच्या तोंडीं बसली. त्या दिवशीं ब्रुगेनें बलाढ्य मिलानला त्याच्याच मैदानावर १-० असें हरविलें. मग काय, ती शुभशकुनी ठरली आणि पाठिराखे तिला घरीं घेऊन आले. फेब्रुवारी २००६ मध्यें इटलीचा रोमा संघ ब्रुगेस आला व २-१ नें जिंकला. जातांना रोमाचे लोक विजयाबरोबर चालही घेऊन गेले. त्याच वर्षीं ९ जुलै रोजीं इटलीनें बर्लिन येथें विश्वचषक जिंकला, तेव्हां सारा देश शब्दांवांचून, नुसत्या 'पो-पो-पो' अशा बोलांनीं ती सुरावट गात होता. तीन वर्षांत चाल तीन देश हिंडली; तिला पारपत्र लागलें नाहीं, कीं भाषाही लागली नाहीं.

आतां तर हिंडण्यास सामन्याचीही गरज उरलेली नाहीं. सन २०१६ मध्यें विगन येथील एका पाठिराख्यानें विल ग्रिग या खेळाडूच्या नांवाचें गाणें, गाला या इटालियन गायिकेच्या १९९६ सालच्या गाण्याच्या चालीवर बसवून इंटरनेटवर टाकलें. थोड्याच आठवड्यांत तें युरोपभर झालें. त्या उन्हाळ्यांत फ्रान्समधील स्पर्धेंत उत्तर आयर्लंडचे लोक तें अहोरात्र गात होते. आणि ज्याचे पोवाडे गाइले जात होते तो ग्रिग त्या स्पर्धेंत एक मिनिटही खेळला नाहीं! गाण्याला आपल्या विषयाचीही पर्वा राहत नाहीं, तें असें.

येथवर सारें कौतुकाचें झालें. पण जें वारें फुलाचा वास वाहून नेतें, तेंच धूरही नेतें. ता. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ९७ पाठिराख्यांचे प्राण गेले. शेवटचा जखमी २०२१ मध्यें वारला. दुर्घटनेनंतर चारच दिवसांनीं मिलान येथें मिलान व रिअल माद्रिद यांचा सामना होता. खेळ सुरू झाल्यावर पंचांनीं तो क्षणभर थांबविला, आणि मिलानच्या प्रेक्षकांनीं लिव्हरपूलचें तें गाणें गाइलें. परक्यांचें गाणें परक्या भाषेंत गाऊन परक्यांच्या दुःखांत सहभागी होणें, हें गर्दीच्या गाण्याचें सर्वांत उदात्त रूप होय. परंतु याच हिल्सबरोच्या मृतांवर इतर संघांच्या कांहीं पाठिराख्यांनीं, आणि म्युनिकच्या मृतांवर लिव्हरपूलच्या व इतर कांहींनीं, विटंबनेचीं गाणीं रचलीं. तींही त्याच वाटांनीं पसरलीं. प्रकरण इतकें चिघळलें कीं, मार्च २०२३ मध्यें लिव्हरपूलचे यूर्गन क्लॉप व मँचेस्टर युनायटेडचे एरिक टेन हाग या प्रशिक्षकांस एकत्र येऊन हें थांबविण्याचें आवाहन करावें लागलें.

इंग्लंडांतील कायद्याचा एक तपशील येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. सन १९९१ च्या कायद्यानें फुटबॉलच्या मैदानावर अश्लील वा वर्णद्वेषी घोष करणें हा गुन्हा ठरविला. पण 'घोष' या शब्दाच्या व्याख्येंत अशी अट होती कीं, तो दुसऱ्या कोणाबरोबर मिळून केलेला असला पाहिजे. एकटा ओरडणारा त्यांतून निसटे. सन १९९९ मध्यें ही व्याख्या सुधारून, एकट्यानें केलेला घोषही गुन्हा धरला गेला. मृतांची टवाळी हा निराळा विषय असला, तरी या दुरुस्तींतील तत्त्व आम्हांस सर्वत्र लागू वाटतें. 'सगळे' नांवाचा कोणी इसम नसतो. दहा हजारांचें गाणें म्हणजे दहा हजार वेळां एकेकानें उघडलेलें तोंड. कर्ता अनामिक असला म्हणून गाणारा अनामिक होत नाहीं.

आणि ही गोष्ट दूरच्या मैदानांपुरती नाहीं. कोल्हापुरांत पेठापेठांचीं तालीम मंडळें शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात, त्यांचे पाठिराखेही इरेस पडतात. पण मैदानावर न जाणाऱ्यांचें काय? एकत्र कुटुंब हीही एक लहानशी गर्दीच आहे. जेवतांना एखाद्या नातलगाविषयीं वडिलांनीं काढलेला शेलका शब्द मूल चालीसकट उचलतें. अर्थ त्याला पुढें कधीं तरी कळतो, किंवा कधींच कळत नाहीं. त्या रविवारीं पुतण्याला उपदेश करण्याची लहर आम्हांस आली होती. पण ती आम्हीं आवरली. कारण शब्द त्याचे होते हें खरें, परंतु ठेका तर आम्हीं सर्वांनीं धरला होता.

परवां तोच मुलगा नवी चाल घेऊन घरांत आला. मुली टाळ्या वाजविण्यास सरसावल्या. त्यानें हातानें त्यांस थांबविलें आणि आंत हांक मारली, "ताई, जरा बाहेर ये. आधीं याचा अर्थ सांग."