जुन्या बास-गिटारींचे सोवळे

जुन्याचा आदर निराळा आणि त्याचे सोवळे निराळे. दुर्मिळ बास-गिटारींच्या पाश्चात्त्य संग्राहकांस हा भेद उमजत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६५ साली लिओ फेंडर यांचा कॅलिफोर्नियातील कारखाना सीबीएस कंपनीने घेतला. त्यापूर्वीचे वाद्य तेवढे अस्सल, आणि त्याचा एक स्क्रू बदलला की ते बाटले, असे यांचे धर्मशास्त्र! परंतु १९५१ सालची फेंडरची ‘प्रिसिजन’ बास ही देव्हाऱ्यासाठी नव्हे, पोटासाठी वाजविणाऱ्या वादकासाठी होती. तिची दांडी स्क्रूंनी जोडलेली, ती बिघडल्यास बदलता यावी म्हणूनच. जॅको पास्टोरियसच्या १९६२च्या ‘जॅझ’ बासचे तर पडदेच काढून टाकलेले होते. या शास्त्राप्रमाणे ते वाद्य भ्रष्टच ठरावयाचे. पण १९७६च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत बासवादनास नवी वाणी लाभली ती त्याच वाद्यातून! जुने लाकूड गोड बोलते म्हणता? मग त्यास बोलू द्या. वादकाला न परवडणाऱ्या किमतीस घेऊन ते काचेच्या कपाटात मुके ठेवणे, ही रसिकता नव्हे. ही सावकारी होय.