औषधाचे सातत्य ही केवळ रुग्णाची जबाबदारी नव्हे

नागपुरात छिंदवाडा मार्गावरील एका चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. जवळच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकापासूनच्या या संस्थेचे नाव बदलले, कायदे बदलले, उपचार तर आमूलाग्र बदलले. परंतु रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सुशिक्षित नागपूरकरही जुनाच शब्द वापरतो. ज्या गावात रुग्णालयाची वाट विचारणे हीच नामुष्की, तेथे रुग्णाने वर्षानुवर्षे न चुकता गोळी घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते. ती चुकली की 'तो औषधच घेत नाही' असे म्हणून सारा दोष आपण त्याच्या पदरात घालतो. हा हिशेब एकदा तपासला पाहिजे.

सातत्य आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळीसारखे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवतात. त्यामुळे गुण येण्यापूर्वीच अनेकांचे औषध सुटते. इतर कित्येकांचे ते बरे वाटू लागताच सुटते. वस्तुतः नैराश्याच्या पहिल्या आजारात बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे; छिन्नमनस्कता, उन्माद-नैराश्य यांसारख्या आजारांत ही मुदत अनेक वर्षांची असते. मध्येच औषध थांबविल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. झोपेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्यास झटकेही येऊ शकतात.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत असतानाच मला उन्माद-नैराश्याचा आजार जडला आणि तेव्हापासून मी लिथियम घेतो. सहकाऱ्यांना मी ती रक्तदाबाची गोळी असल्याचे सांगत असे. व्यासपीठावरून विषमतेविरुद्ध बोलणाऱ्या मला स्वतःच्या खिशातील गोळीचे नाव उच्चारण्याचे धैर्य नव्हते. एका मे महिन्यात गुडघा दुखू लागला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. त्यातच जुलाब झाले. हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, तोल जाऊ लागला. घरच्यांना वाटले, ऊन लागले. रक्त तपासले तेव्हा लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेल्याचे आढळले. मी कोणते औषध घेतो हे दुकानदाराला ठाऊक नव्हते, कारण मीच ते लपविले होते.

विदर्भात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकीनासे होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही तेच घडते. रक्तातील हितकारक प्रमाण साधारणतः ०.६ ते १.० मिलीमोल प्रतिलिटर, १.५ च्या वर ते विषारी ठरू लागते. इतका हा पट्टा अरुंद आहे. छिन्नमनस्कतेवरील अनेक औषधे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती घटवितात आणि हातपाय ताठरू नयेत म्हणून सोबत दिल्या जाणाऱ्या गोळीने घाम कमी येतो. पारा ४५ अंशांवर असताना उघड्यावर राबणाऱ्या मजुराला हे कोणी समजावून सांगते काय?

म्हणून काही नियम घरोघरी ठाऊक असावेत. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी, अगदी आयुर्वेदिकही, चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. मद्य टाळावे. दुष्परिणाम असह्य झाल्यास स्वतःच्या मनाने औषध न सोडता डॉक्टरांकडून मात्रा वा औषध बदलून घ्यावे. तो रुग्णाचा हक्क आहे. लिथियम घेणाऱ्यास उलट्या, जुलाब, थरथर, तोल जाणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूल हवे असलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भास गंभीर अपाय होतो. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार ज्याच्या मनात येतात, त्याची औषधे घरातील दुसऱ्याने सांभाळावीत.

परंतु नियम सांगून प्रश्न संपत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे दोन किमती दिसतात : गोळीची किंमत आणि गोळीपर्यंत पोहोचण्याची किंमत. उमरेड वा काटोल तालुक्यातील एखादा शेतमजूर औषधासाठी दरमहा नागपूरला येतो तेव्हा त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्या बायकोची बुडते, वर दोघांचे एस.टी.चे भाडे. खिडकीवर गोळी मोफत मिळाली तरी ही किंमत त्याला चुकवावीच लागते. आणि 'साठा संपला' असे ऐकावे लागले तर ती दोनदा चुकवावी लागते. सोयाबीनच्या हंगामात त्याची फेरी चुकली, तर त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.

आपल्यातील काही साथींचा आक्षेप मला माहीत आहे. शेतकऱ्याच्या नैराश्याचे मूळ कर्जात आणि कापसाच्या भावात आहे, गोळी देऊन त्याचा असंतोष निजवावयाचा काय, असे ते विचारतात. गोळीने कर्ज फिटत नाही, हे खरेच. तथापि ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो मोर्चात कसा येणार? भावाचा लढा आणि औषधाचा हक्क यांत विरोध नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलणे सुरू केले. अवघ्या दीड वर्षात उपचार घेऊ पाहणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. म्हणजे लोक अनिच्छुक नव्हते. त्यांच्यापर्यंत कोणी गेलेच नव्हते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार आवश्यक औषधांच्या यादीतील मानसिक विकारांवरील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत, सर्वकाळ, विनामूल्य मिळाली पाहिजेत. 'सर्वकाळ' हा त्यातील कळीचा शब्द आहे. तो कागदावर राहू नये यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात औषधांचा अखंड साठा आणि त्याचा दर्शनी फलक, प्रकृती स्थिर असलेल्यांना डॉक्टरांच्या संमतीने एकाहून अधिक महिन्यांची औषधे, लिथियमची रक्तचाचणी तालुक्याच्या जवळपास, आणि उन्हाळ्यापूर्वी अशा रुग्णांना आवश्यक त्या सूचना. तोवर '१४४१६' या शासकीय टेलिमानस क्रमांकावर सल्ला मिळतो, हेही सांगत राहावे.

आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या महिन्यात आपापल्या तालुक्यातील रुग्णालयात जाऊन औषधांच्या साठ्याची चौकशी करावी. आणि घरी एखाद्याची गोळी चुकल्याचे दिसले, तर रागावण्यापूर्वी ती का चुकली, एवढे त्याला विचारावे.