बुडबुड्यांचा काय गुन्हा?

आग विझवायच्या सिलिंडरमध्ये गॅस भरून देण्याचा माझा धंदा आहे, नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत. ऑफिसच्या भिंतीला टांगलेली ती लाल नळकांडी, त्यांतल्या काळ्या कर्ण्याच्या नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड असतो. शीतपेयाच्या बाटलीतही तोच असतो, हे हल्ली मोबाइलमुळे सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे मार्च लागला की गाळ्यावर कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘काका, एखादं जुनं सिलिंडर द्या ना भरून. नळी जोडून घरीच सोडा करतो. पोरांच्या पोटात तो बाहेरचा गॅस जायला नको.’

सिलिंडर मी देत नाही, आणि का देत नाही ते पुढे सांगतो. पण ज्या गॅसची एवढी धास्ती, तोच घरी तयार करायचा आणि वर त्यात साखर आपल्या हातानं ओतायची, हे गणित मला कधी सुटलेलं नाही. शीतपेयातला गॅस ढेकर देऊन निघून जातो. मागे राहते ती साखर. कोल्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरची बाटली संपवली की बत्तीस ग्रॅमच्या आसपास, चहाचे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेबद्दल जो सल्ला दिला, त्यातली कडक मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ग्रॅम आहे. एका बाटलीत ती ओलांडते. चहा, बिस्किटं, शिरा अजून यायचेच असतात. साखर आपल्याच कारखान्यातली असली म्हणून शरीर तिला सवलत देत नाही, हे कोल्हापूर-नगरकडच्या माझ्या नातेवाइकांची माफी मागून लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गॅस आणि साखर या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. घरी सोडा करण्यात जो काही फायदा आहे तो याच एका गोष्टीत आहे. स्वस्ताईत नाही, शुद्धतेत तर मुळीच नाही.

मुळात हे पाणी निघालं तेव्हा त्यात साखर नव्हतीच. जोसेफ प्रीस्टली हा इंग्रज धर्मोपदेशक १७६७ मध्ये लीड्स गावी राहायला गेला, ते घर बीअरच्या भट्टीला लागून होतं. आंबणाऱ्या पिंपावर एक जड हवा तरंगत असते, तिच्यात जळती काडी धरली की विझते, हे त्यानं पाहिलं. (माझ्या धंद्याचा मूळ पुरुषही तोच म्हणायचा.) त्यानं त्या पिंपावर पाण्याचं भांडं धरलं, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला, आणि पाण्याला चव आली. पुढे खडूवर आम्ल टाकून तोच वायू कसा काढायचा आणि पाण्यात कसा मुरवायचा, याची कृतीच त्यानं १७७२ मध्ये पुस्तिका काढून छापून टाकली. लांबच्या सफरीवरच्या खलाशांना स्कर्व्हीवर उपयोग होईल अशी त्याची समजूत होती. उपयोग काही झाला नाही, पण कृती जगाला फुकट मिळाली. पैसे केले ते श्वेप नावाच्या जिनिव्हाच्या घड्याळजीनं, त्यातून कारखाना उभा करून.

आपल्याकडे हे पाणी आलं आणि पारशी मंडळींनी ते आपलंसं केलं. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्यात अर्देशीर १८८४ पासून. मग गावोगावी गोटीच्या बाटल्या आल्या. ती बाटली हिरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये काढली, आणि आजही तिच्याइतकं हुशार बूच मी पाहिलेलं नाही. बाहेरून काही लावायचंच नाही. आतल्या गॅसचा दाबच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. भरताना बाटली उलटी धरायची, सुलटी केली की गोटी आपोआप बसलेली. ओतताना ती परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला दोन खळगे. बाटल्या लाकडी पेटीत बसवून ती पेटी हातानं गरागरा फिरवायची, म्हणजे गॅस पाण्यात मुरतो, आणि एखादी फुटलीच तर काचा पेटीतच राहतात. त्या बाटल्यांत गोड लेमन आणि जिंजरही मिळायचं, नाही असं नाही. पण स्टँडवरच्या गाडीवर जास्त खपायचा तो साधा सोडा. गाडीवाला आपल्यासमोर ग्लासात लिंबू पिळायचा, मीठ टाकायचा, मागितली तर साखर घालायचा, आणि मग गोटी दाबायचा. साखर किती, ते गिऱ्हाईक ठरवत असे. बंद बाटलीतून गोड कोला आला आणि हा अधिकार गेला. १९७७ मध्ये कोकाकोला देशातून गेली, थम्स अप आलं, १९९३ मध्ये कोकाकोला परतली, या सगळ्या देशी-परदेशी भांडणात बाटलीतली साखर होती तेवढीच राहिली.

आता सिलिंडरचं. आग विझवायच्या सिलिंडरमध्ये बुडापर्यंत जाणारी एक नळी असते, त्यामुळे खटका दाबला की वायू येत नाही, द्रव येतो, आणि बाहेर पडताक्षणी त्याचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. बाटली, नळी, बोटं, समोर येईल ते भाजून निघतं. शिवाय आतला दाब. २५ अंशांना तो चौसष्ट बारच्या घरात असतो. गाडीच्या टायरमध्ये आपण बत्तीस पौंड हवा भरतो ना, त्या मापानं हे नऊशे पौंडांच्या वर जातं, आणि नाशिकच्या मे महिन्यात आणखी चढतं. आणि आम्ही भरतो तो गॅस खाण्याच्या प्रतीचा नसतो. आगीला कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास आला तरी तिची तक्रार नसते. पोराला तो पाजायचा नाही.

खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व पाण्यात टाकून फेस काढायचे व्हिडिओही लोक मला दाखवतात. त्याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला होता. चांगल्या सोड्याच्या लिटरभर पाण्यात सहा-सात ग्रॅम गॅस मुरलेला असतो. तेवढा काढायला तेरा-एक ग्रॅम खाण्याचा सोडा लागेल, आणि त्यातलं साडेतीन ग्रॅमच्या वर सोडियम त्याच पाण्यात राहील. दिवसाला दोन ग्रॅमच्या आत राहा असं डॉक्टर सांगतात. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी हा खेळ करू नये. एरवीही तो फेस दोन मिनिटांत बसतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते.

आलं, गूळ आणि यीस्ट घालून बाटलीतच गॅस धरायची रीत जुनी आणि चवदार आहे. लिटरमागे चौदा-पंधरा ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली की पुरेसा गॅस होतो. पण यीस्ट तिथं थांबत नाही, साखर असेतो खात राहतं, आणि सोबत थोडा अल्कोहोलही करतं. आपल्या उन्हाळ्यात हे काम फार झपाट्यानं होतं. करायचंच तर शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या, दाबून पाहा, टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली घेऊ नका. ती फुटते तेव्हा आधी कळवत नाही.

राहिला सायफन किंवा घरगुती मशीन. सायफनमध्ये आठ ग्रॅम गॅसचं बोटभर काडतूस लागतं, मशीनला चारशे ग्रॅमच्या आसपासचं छोटं सिलिंडर. आमच्याकडे सायफन आहे. एका काडतुसाच्या पैशांत किराणा दुकानातून साध्या सोड्याच्या दोन बाटल्या येतात, त्यामुळे बचतीचं कारण मला कुणी सांगू नये. गंमत म्हणून आणि हाताशी असावं म्हणून ठेवलाय. दुकानातला साधा सोडा आणून घरी त्यात हवं ते घातलं तरी माझ्या लेखी तो घरचाच सोडा.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पाणी बर्फासारखं गार हवं, कारण शून्य अंशाच्या पाण्यात २५ अंशांच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त गॅस मुरतो. सोडा मचूळ होतो अशी तक्रार करणाऱ्यांनी माठातलं पाणी घेतलेलं असतं. आणि गॅस भरायचा तो नुसत्या पाण्यात. सरबतात भरायला गेलात तर ते उसळून ओट्यावर येतं. मीठ आणि जिरेपूडही कोरडी टाकू नये, प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात आणि सगळा गॅस ग्लासाबाहेर जातो. मीठ लिंबाच्या रसात आधी विरघळवायचं, जिऱ्याचं पाणी गाळून घ्यायचं. गाडीवाला मसाला सोडा उसळवून दाखवतो तो तमाशा आहे. बघायला छान, पण प्यायला उरतं ते अर्धमेलं पाणी.

घरी केलं म्हणजे साखर कमी झाली, हा भ्रमही नको. अमृतकोकमात निम्म्याहून जास्त साखर असते. ते सढळ हातानं ग्लासात ओतून वर सोडा घातला तर बाजारच्या कोल्याच्या जवळ जाऊन पोचतो. आमच्याकडे कोकणातून येतं ते आगळ, म्हणजे नुसता मीठ घातलेला कोकमाचा रस. त्याला मीठ वेगळं लागत नाही. साखर नातीसाठी दोन चमचे, माझ्यासाठी बिलकूल नाही. सूनबाई एक चमचा घेते. एकाच बाटलीतल्या सोड्यावर तिघांचे तीन ग्लास होतात. बंद बाटलीत हे जमत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण गॅस आणि साखर एकच समजण्याचा घोटाळा तिथं कायद्यात बसलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड किंवा स्वाद लावलेल्या गॅसच्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधीही २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढाच होता. त्याच दिवशी फळांच्या रसाच्या बिनगॅसच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कोकमाचं पेय बाटलीत भरून विकलं तर ५ टक्के, त्यातच गॅस सोडला तर ४०. साखर दोन्हींत तेवढीच. खोक्यातलं आंब्याचं पेय, ज्यात साखर कोल्याइतकी किंवा त्याहून जास्तच असते, ते ५ टक्क्यांत बसतं, आणि साखरेचा कणही नसलेला डाएट कोला ४० टक्क्यांत. नुसता साधा सोडा १८ वरून ५ वर आला, तेवढा शहाणपणा झाला खरा.

हा कर आरोग्यासाठी आहे असं म्हणायचं असेल तर तो साखरेच्या ग्रॅमवर लावा. ब्रिटननं एप्रिल २०१८ पासून तसं केलं. १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या आत कर नाही, पाचपासून एक दर, आठपासून चढा दर. परिणाम असा झाला की कर सुरू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. आपल्याकडे कंपनीनं साखर निम्मी केली तरी दर ४० टक्केच, मग ती कशाला खटाटोप करेल? आणि तोटा होतो तो छोट्याचा. सिंधुदुर्गातल्या एखाद्या बचत गटानं कमी साखरेचा कोकम सोडा काढायचं ठरवलं, तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही म्हणून निभतं. त्यापुढे गेला की थेट बड्या कंपन्यांच्या रांगेत, कारण छोट्या धंद्यांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतून गॅसची पेयं बनवणाऱ्यांना २०१९ च्या ऑक्टोबरपासून वगळलेलं आहे. आमच्या भागातल्या सोडेवाल्यांची पुढची पिढी या धंद्यात का उतरत नाही, याची कारणं बरीच असतील. हे त्यांतलं एक.

कर बदलायला वेळ लागेल. तोवर हॉटेलात जाणाऱ्यांच्या हातात एक गोष्ट आहे. फ्रेश लाइम सोडा मागवला की वेटर अजूनही विचारतो, ‘स्वीट, सॉल्ट की मिक्स?’ कोकम सोडा मागवला की विचारत नाही, आधीच गोड केलेलं सरबत ओतून आणतो. मालवणी जेवणाच्या हॉटेलात मी साधा सोडा एक आणि आगळ एक, असं वेगवेगळं मागवतो. आगळ मेन्यूकार्डावर नसतं, पण सोलकढीसाठी आत असतंच. वेटर वैतागतो, मॅनेजरला विचारून येतो, आणि बिलात आगळ कुठल्या नावानं लावायचं यावर गल्ल्यावर दोन मिनिटं चर्चा होते. बहुतेक वेळा ते ‘एक्स्ट्रा पापड’ म्हणून लावतात.