पर्सेलनं तारीख लिहिली, आपण कधी लिहिणार?

१६८० हे साल मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी ३ एप्रिलला रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, तिकडे लंडनमध्ये, हेन्री पर्सेल नावाचा वीस वर्षांचा एक मुलगा चार तंतुवाद्यांसाठी छोट्या छोट्या रचना लिहीत होता. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत त्याने अशा नऊ रचना पूर्ण केल्या. त्यांना नाव दिलं फँटेझिया. आणि विशेष म्हणजे आपल्या वहीत त्याने या रचनांना तारखा घातल्या. आपल्याच वयाचा मुलगा! आपण या वयात एम-थ्री निघेल की नाही या चिंतेत असतो.

मित्रांनो, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, हे संगीत आपण ऐकलं पाहिजे. दुसरी, त्या संगीताचं पुढे जे झालं त्यातून आपण, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी, एक धडा घेतला पाहिजे. पहिली गोष्ट आवडीची आहे, दुसरी घाईची.

साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपियन संगीताला बरोक म्हणतात. 'वेस्टर्न क्लासिकल' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा, काळे कोट आणि काठी हलवणारा कंडक्टर. चेंबर म्युझिक म्हणजे ते नव्हे. चेंबर म्हणजे खोली. तीन-चार-पाच जण एका खोलीत बसून मुख्यतः एकमेकांसाठी वाजवतात. श्रोते असले तर असले, नसले तरी अडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा जलसा नाही, घरची बैठक आहे.

या बैठकीत वाजायचं ते वाद्य म्हणजे व्हायल. नाव व्हायोलिनसारखं असलं तरी घराणं वेगळं. हे वाद्य गळ्याखाली धरत नाहीत, दोन्ही पायांच्या मध्ये उभं धरतात. सहा तारा, त्याही धातूच्या नाहीत, आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. दांडीवर तातीचेच पडदे बांधलेले, आपल्या सतारीला बांधतात तसे. आणि गज धरायचा तो तळहात वर करून, सारंगीवाल्यासारखा. त्यामुळे आवाज व्हायोलिनसारखा चकचकीत येत नाही. थोडा घोगरा, हवा मिसळलेला, माणसाच्या गळ्याजवळचा येतो.

फँटेझियात एक वादक एक ओळ वाजवतो. थोड्या वेळाने दुसरा तीच ओळ वेगळ्या सुरावरून उचलतो, तोवर पहिला पुढे निघून गेलेला असतो. मग तिसरा, मग चौथा. भजनात बुवांची ओळ मागचे उचलतात ना, तसंच. फक्त इथे कोणी बुवा नाही. चौघेही बरोबरीचे.

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी 'फँटेझिया अपॉन वन नोट' सांगेन. म्हणजे एका सुरावरची फँटेझिया. पाच वाद्यं आहेत. त्यातलं एक वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसतं, मधला सी. बाकीचे चौघे त्याच्या वर-खाली जातात, धावतात, रडवेले होतात, पुन्हा सावरतात. हा मात्र जागचा हलत नाही. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागेल का? फरक एवढाच की आपल्याकडे त्या सुराला षड्ज मानून सगळं गाणं त्याच्याशी नातं जोडतं. इथे भोवतालचे सूर बदलत राहतात आणि तोच एक सूर कधी घरचा वाटतो, कधी पाहुणा, कधी चक्क खुपणारा. तीनेक मिनिटांचा खेळ आहे सगळा.

आता आक्षेप. होस्टेलवर हे लावलं की पहिला प्रश्न येतो, "काय बे, कोन मेलं?" दुसरा येतो तो जास्त गंभीर असतो: "तुम्ही कॉन्व्हेंटची पोरं, तुम्हाला इंग्रजांचंच आवडणार." पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. हळू लयीतलं सगळंच दुःखाचं नसतं, आणि फँटेझियात मध्येच अशी पळापळ होते की पाय आपोआप हलतो. दुसऱ्याला मात्र नीट उत्तर दिलं पाहिजे.

कॉन्व्हेंटमध्ये मला इंग्रजी व्याकरण मिळालं, प्रार्थना मिळाल्या, पर्सेल नाही मिळाला. तो कोणाच्या शाळेचा नाहीच. व्हायोलिनही एके काळी परकंच होतं. पण प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकताना कोणाला ते परकं वाटतं? मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचं अर्धं संगीत वाजवलं. त्यातले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव त्यांच्याच मानाखातर आहे. २००६ पासून मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही आहे. थोडक्यात काय, तर ही तारीफ करणारा मी पहिला मराठी माणूस नाही.

पण एनसीपीए आमच्या दिग्रसपासून सहाशे किलोमीटरहून लांब आहे. अरुणावतीच्या काठावर कोणी व्हायल वाजवायला येणार नाही. मुंबईत ज्या दुकानात अशा तबकड्या आणि सीडी मिळायच्या, ते काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं. म्हणून आमच्यासारख्यांसाठी हे संगीत म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग, दुसरा मार्गच नाही. आणि इथे आपलं नशीब बरं आहे. शंभर जणांचा ऑर्केस्ट्रा साध्या हेडफोनमध्ये कोंबला की त्याचा लगदा होतो. चार व्हायल मात्र आरामात मावतात. मुळातच खोलीसाठी लिहिलेलं संगीत, खोलीतच नीट वाजतं. डोळे मिटले तर डावीकडचा कोण, उजवीकडचा कोण हेसुद्धा कळतं.

आता त्या दुसऱ्या, घाईच्या गोष्टीकडे येतो. पर्सेल ज्या राजाच्या दरबारात नोकरीला होता तो दुसरा चार्ल्स. तोच, ज्याला मुंबई बेट लग्नात आंदण मिळालं आणि ज्याने ते १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. या राजाला व्हायलची फँटेझिया आवडत नसे. त्याला हवं होतं फ्रेंच पद्धतीचं, पायाने ठेका धरता येईल असं व्हायोलिनचं संगीत. राजाची आवड ती दरबाराची, आणि दरबाराची ती शहराची. जॉन जेंकिन्स, विल्यम लॉस, मॅथ्यू लॉक यांनी वाढवलेली व्हायलची परंपरा विझत चालली होती. पर्सेलने जणू शेवटचं पान लिहिलं आणि तोही पुढे गेला.

कारण १६८३ साली त्याने छापून प्रसिद्ध केल्या त्या फँटेझिया नव्हेत, दोन व्हायोलिन आणि खर्जाच्या साथीसाठी लिहिलेल्या, इटालियन वळणाच्या सोनाटा. १६९५ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या पत्नीने आणखी दहा सोनाटा छापल्या. त्यातली नववी इतकी गाजली की तिला 'गोल्डन सोनाटा' असं नावच पडलं. जे छापलं गेलं ते लोकांच्या हाती राहिलं. फँटेझिया छापल्या गेल्या नाहीत. त्या छापून यायला १९२७ साल उजाडलं. म्हणजे २४७ वर्षं!

एवढ्या काळात वाजवणारे संपले, वाद्यं मोडली, गज धरायची रीत विसरली गेली. मग हे परत कसं आलं? एक म्हणजे वही शिल्लक होती. दुसरं, आर्नल्ड डोल्मेच नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुनी वाद्यं शोधून दुरुस्त केली, नवी घडवली आणि बायकापोरांना वाजवायला बसवलं. आणि तिसरं कारण म्हणजे रेकॉर्डिंग. डोल्मेच कुटुंबाने १९३०च्या सुमारास कोलंबिया कंपनीच्या संगीत-इतिहासाच्या ७८ आरपीएम तबकड्यांसाठी वाजवलं. १९६०च्या दशकात व्हिएन्नाच्या निकोलाउस हार्नोनकूर्टच्या मंडळींनी फँटेझिया मुद्रित केल्या. १९९५ ला पर्सेलच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली, त्या सुमाराला फ्रेटवर्क, फँटॅझम आणि जॉर्डी साव्हालचा हेस्पेरियन, अशा तीन गटांची रेकॉर्डिंग्ज आली. फँटॅझमच्या रेकॉर्डिंगला १९९७ चा ग्रामोफोन पुरस्कार मिळाला. लंडनच्या एका खोलीतलं, राजालाही नको असलेलं संगीत आज दिग्रसच्या मुलाच्या खिशात आहे ते या साखळीमुळे.

ही रेकॉर्डिंग्ज ऐकताना माझी एक विनंती आहे. एकाच रचनेची किमान दोन ऐका. नोटेशन तेच, पण एक गट ओळी लांब, सलग ओढतो, दुसरा वाक्यासारख्या तोडतो. सूरही सारखे लागत नाहीत. आज 'ए' म्हणजे ४४० हर्ट्झ धरतात, पण ते १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेचदा ४१५ धरतात, म्हणजे जवळपास बरोबर अर्धा स्वर खाली. (४४० ला दोनाच्या बाराव्या मुळाने भागून बघा!) आपल्याकडे गायक काळी एक की पांढरी चार हे गळ्याप्रमाणे ठरवतो, त्यामुळे आपल्याला याचं नवल वाटू नये. मुद्दा असा की रेकॉर्डिंग म्हणजे आरसा नव्हे. माईक कुठे ठेवला, खोली कोणती निवडली, सूर कोणता धरला, यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. त्यातले निम्मे निर्णय इंजिनिअरचे असतात.

आणि म्हणूनच हा लेख मी आपल्या कॉलेजच्या अंकात लिहितोय. पर्सेलच्या फँटेझिया अडीचशे वर्षं गप्प राहूनही परत येऊ शकल्या, कारण त्या कागदावर होत्या, तारखेसकट. आपल्या भोवतालचं किती संगीत कागदावर आहे? आपल्याकडचं बहुतेक संगीत गळ्यातून गळ्यात जातं. गळा गेला की संपलं. तिथे वही नाही, म्हणून रेकॉर्डिंग हीच वही.

सारंगीचंच बघा. व्हायलसारखीच तातीची, व्हायलसारखीच फॅशनच्या बाहेर गेलेली. गाण्याच्या साथीतली तिची जागा हार्मोनियमने घेतली. मुंबईत राहणाऱ्या पं. रामनारायण (१९२७–२०२४) यांनी तिला एकट्याने मंचावर बसवलं आणि तबकड्यांवर नेलं, म्हणून ती जगाच्या कानावर आहे. जात्यावरच्या ओव्यांचं तर आणखी बोलकं उदाहरण आहे. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि दळताना म्हणायच्या ओव्याही थांबल्या. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार बेल यांच्या साथीने सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. बाई कोण, गाव कोणतं, हे सगळं नोंदवून. आज ते कोणालाही ऐकता येतं. म्हणजे हे करता येतं, आणि महाराष्ट्रात झालेलं आहे.

मग आपल्या भागाचं काय? दिग्रसच्या आसपासच्या तांड्यांवर होळीला लेंगी गातात. पोहरादेवी जवळच आहे. गावोगावी खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजनं म्हणणारी मंडळं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच बुवांनी सत्तरी ओलांडली आहे. आपण काय करतो? मोबाईल वर करून तीस सेकंदांचा व्हिडिओ काढतो, स्टेटसला टाकतो, दुसऱ्या दिवशी तो गायब. कोण गात होतं, कुठे, कधी, काही नाही.

राजेहो, यात अवघड असं काहीच नाही. सीडीचा दर्जा म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. सेकंदाला १४११ किलोबिट. १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो, आणि फॉरवर्ड करताना व्हिडिओ आणखी चेपला जातो. आजचे बहुतेक मोबाईल ४८,००० नमुन्यांवर मुद्रण करू शकतात. तेव्हा साधं ॲप घ्या, डब्ल्यूएव्ही फाईल निवडा, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय आणि नॉइज कॅन्सलेशन बंद करा, नाहीतर खंजिरीची थाप पडली की गळा दबतो. पंखा बंद करा. मोबाईल हातात धरू नका, दीड-दोन मीटरवर टेकवून ठेवा. गाणाऱ्यांची परवानगी आधी घ्या, आणि झालेलं रेकॉर्डिंग त्यांनाही द्या. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवातीला माईकमध्ये स्पष्ट बोला: नाव, गाव, तारीख.

दरवर्षी गॅदरिंगला साउंड सिस्टिमवर जेवढा खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात दोन बरे माईक येतील. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी रेकॉर्डिंग करावं, कॉम्प्युटरवाल्यांनी सूची बनवावी, लायब्ररीने एक हार्ड डिस्क सांभाळावी. पाच वर्षांत जे जमेल ते कोणत्याही मिनी प्रोजेक्टपेक्षा जास्त टिकेल.

काही जण म्हणतील, पर्सेल ऐकणारा लेंगीच्या गोष्टी कशाला करतो? मला यात विसंगती दिसत नाही. परक्यांनी आपलं विझलेलं संगीत केवढ्या कष्टाने परत पेटवलं हे कानाने ऐकलं, म्हणून आपलं अजून पेटलेलं दिसतंय. तेव्हा आज रात्री हेडफोन लावून ती एका सुराची तीन मिनिटं ऐका. आणि येत्या होळीला घरी जाल तेव्हा मोबाईल चार्ज करून न्या. तारीख मात्र लिहायला विसरू नका!