चालकाचा कल तपासता, दुरुस्ती करणाऱ्याचा का नाही?

रेल्वेच्या २०१८च्या भरतीत सहायक लोको पायलट आणि तंत्रज्ञ या पदांची जाहिरात एकच होती. लोको पायलटला मात्र लेखी परीक्षेनंतर कल चाचणी होती आणि तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण (प्रमाणित गुण) मिळवण्याची अट होती. तंत्रज्ञांसाठी अशी चाचणीच नव्हती. गाडी चालवणाऱ्याची एकाग्रता मोजायची आणि तिचे ब्रेक तपासणाऱ्याला केवळ प्रश्नोत्तरांवर निवडायचे, हा भेद पटण्यासारखा नाही. मोटर तापते तेव्हा बेअरिंग झिजले, भार वाढला की एक फेज गेला, हे लक्षणांवरून ताडावे लागते. ही नजर सर्वांकडे सारखी नसते. अमेरिकी लष्कराच्या १९८०च्या दशकातील ‘प्रोजेक्ट ए’ या अभ्यासात बौद्धिक चाचण्यांवरून सैनिकांच्या तांत्रिक कौशल्याचा अंदाज चांगला बांधता आला; मेहनत आणि शिस्त यांचा अंदाज मात्र स्वभावचाचण्यांनी अधिक दिला.

अंगभूत हुशारी आणि अनुभव असला की पुरे, असे कारखान्यांत सर्रास मानले जाते; पण हा समज धोक्याचा आहे. जून १९९०मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच उड्डाणात निखळली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सुदैवाने सर्व जण वाचले. काच बसवणारा कर्मचारी अनुभवी होता. पण नवे बोल्ट सुट्या भागांच्या पुस्तिकेतून न तपासता त्याने जुन्या बोल्टशी नजरेने जुळवले. ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले. अनुभवाने हात सफाईदार होतो, तसा बेफिकीरही होतो. म्हणून प्रशिक्षण नोकरीच्या पहिल्या वर्षात संपता कामा नये.

कल चाचण्यांमुळे ज्यांच्या हाती कधी पाना आला नाही अशी गरीब घरची मुले मागे पडतील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय चाचणीच्या स्वरूपात आहे. उमेदवाराला एक छोटे काम शिकवावे, तेच करून घ्यावे आणि तो किती शिकला ते पाहावे. चाचण्यांची भाकिते अचूक नसतात, हेही खरे. निवडचाचण्यांवरील जुन्या संशोधनाच्या २०२२च्या फेरविश्लेषणात त्यांच्या अचूकतेचे आकडे बरेच खाली आले. तरीही प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यावरची चाचणी विश्वासार्ह पद्धतींमध्ये टिकून राहिली. रेल्वे, एसटी आणि महावितरणने भरतीत अशी चाचणी आणावी आणि सेवेतल्या तंत्रज्ञांची ठरावीक काळाने उजळणी सक्तीची करावी. प्रवाशाचा जीव चालकाइतकाच त्यांच्याही हाती असतो.